निळ्या लुगड्याची पट्टी

शेडमध्ये गवत कापायचे एक मशीन होते, वर बसून चालवायचे, लाल रंग उडालेले. त्याच्या पोटाखाली चार पुल्या होत्या: एक इंजिनची, एक मागच्या चाकांची आणि मधल्या दोन पट्टा ताणून धरणाऱ्या. एक स्प्रिंग होती. पट्टा निसटू नये म्हणून लावलेल्या तीन सळ्या जागच्या जागी होत्या. पट्टा मात्र नव्हता.

कडूबा मशीनखाली आडवा झाला होता. त्याने तिथूनच विचारले, "पट्टा कुठंय?"

"तुकडे झालते त्याचे," त्याच्याबरोबर काम करणारा सांडू दारात उभा राहून म्हणाला. "दिले फेकून कचऱ्यात. तू नव्हता, म्या चालवत होतो. फाटकन वाजलं अन् बसलं जाग्यावर. मला काय ठावं तुकडे बी लागत्यात?"

त्या पट्ट्यावरचा नंबर कधीच घासून गेला होता, पण तुकडे असते तर जोडून लांबी काढता आली असती. आता पुल्यांवरूनच माप घ्यावे लागणार होते.

बायकोचे तेरावे उरकून तो आजच कामावर आला होता. आवडाबाईला कावीळ झाली आणि ती गेली, इतक्या थोड्या शब्दांत तो सगळ्यांना सांगत होता. मुलगा नव्हता म्हणून मुंडण त्यानेच केले होते. बीड बायपासवरच्या या लॉन्सचे मालक नानासाहेब यांनी सकाळी त्याच्या डोक्याकडे पाहिले, आत गेले आणि एक पांढरी टोपी आणून दिली. रविवारी इथे लग्न होते. मांडवात पाहुण्यांच्या नजरेस मुंडण केलेला माणूस पडू नये, हे त्यांनी तोंडाने म्हटले नाही. कडूबाने टोपी घातली.

मग नानासाहेब समजुतीच्या आवाजात म्हणाले होते, "हे बघ कडूबा, मशीन आज चाललं तर चाललं. नाहीतर उद्या भंगारवाला येतोय. पाठीवर मशीन बांधून कापणारी माणसं मी बघून ठेवलीत. तू आपला घरी बस निवांत, पगाराचं बघू काहीतरी."

घरी बसणे म्हणजे काय, हे कडूबाला नुकतेच कळले होते. पुंडलिकनगरमधल्या खोलीत भिंतीला टेकायचे, समोरच्या भिंतीकडे पाहायचे आणि नळ आला की उठून दोघांपुरते पाणी भरायचे. देवगाव रंगारीहून त्याची थोरली बहीण चतुराबाई येऊन राहिली होती. तिने रीतीप्रमाणे आवडाबाईचे सगळे कपडे एका बोचक्यात बांधून अस्थींबरोबर कायगावला नदीवर पाठवले. दोरीवरचा परकरसुद्धा ठेवला नाही. मेलेल्या बाईचे कपडे घरात राहिले तर तिचा जीव घुटमळतो, असे ती म्हणाली. कडूबाने बोचके उचलून रिक्षात ठेवले होते.

माप घ्यायला सुतळी पाहिजे म्हणून त्याने हत्यारांची पेटी उघडली. पान्यांचा जुडगा एका निळ्या पट्टीने बांधलेला होता. भाकरीचे फडके बांधायला आवडाबाईने जुन्या लुगड्याच्या काठाजवळून ती फाडली होती, आणि पुढे कधीतरी ती पान्यांना गुंडाळली गेली. कडूबाने गाठ सोडली. पट्टी बरीच लांब होती. त्याला काही वाटले नाही. वाटायला हवे होते, एवढे मात्र त्याच्या लक्षात आले.

सुतळी सापडली नाही.

स्प्रिंगच्या पुलीला त्याने लाकडाची टेक दिली आणि पट्टा जातो त्याच वाटेने पट्टी फिरवली. इंजिनच्या पुलीवरून मधल्या दोन पुल्यांकडे, तिथून मागे आणि परत पुढे. पट्टी कुठे लोंबू नये म्हणून तिला चांगली ओढ दिली. टोक जिथे येऊन भिडले, तिथे खुणेची गाठ मारली.

जाफरगेटच्या दुकानात भिंतभर पट्टे टांगलेले होते. दुकानदार कडूबाच्याच वयाचा होता. नंबर विचारल्यावर कडूबाने पट्टी काढून दिली. त्याने ती काउंटरवर नीट अंथरली, टेप लावली, "अस्सी," म्हणाला आणि आकडीने एक पट्टा खाली काढला.

दुपारी कडूबा पुन्हा मशीनखाली शिरला. तीन पुल्यांवर पट्टा बसला, चौथीवर चढेना. सांडू उकिडवा बसून बघत होता.

"बांगड्या भरतो का त्याला?" तो म्हणाला. "तेल लाव, मग चढंल. नायतर थांब, पहार आणतो. लावू जोर."

"नाय. दोरा तुटंल आतला. मग उद्याच्याला पुन्हा तेच."

"मग करतो काय?"

कडूबाने पट्टा उतरवला आणि निळी पट्टी पुन्हा त्याच वाटेने फिरवली, या वेळी हात हलका ठेवून. गाठ टोकापर्यंत पोचली नाही. मध्ये तीन बोटांची फट राहिली. ओढ दिल्यावर पोचली. त्याने सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा सोडली.

"काय झालं?" सांडूने विचारले.

"कापड हाय. हितं म्या लई ओढलं, दुकानात ढिलं मोजलं."

सांडूने तेव्हा कुठे पट्टीकडे नीट पाहिले. पूर्वी रोज जेवताना फडक्याला बांधलेली ती त्याने पाहिली होती. तो उठला, स्वतःच्या मोटरसायकलची किल्ली काढली आणि म्हणाला, "चल, मी सोडतो. बसनं गेला तर अंधार व्हईल."

दुकानदाराने पट्टा उलटसुलट करून पाहिला. कुठे ओरखडा नव्हता, म्हणून बदलून द्यायला तो तयार झाला. टेप घेऊन त्याने कडूबाच्या सांगण्यावरून पट्टी आता ताणून मोजली. ब्याऐंशी.

"भाई, ये तो साडी का टुकडा है," तो म्हणाला. "नापने को कोई साडी लाता क्या? किसकी उठाके लाए?"

"घरवालीची."

"बोलेगी ना फिर वो."

"नाय बोलत," कडूबा म्हणाला.

सांडू भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघत राहिला.

ब्याऐंशीचा पट्टा चारही पुल्यांवर बसला. कडूबाने तो सळ्यांच्या आतून घेतला, टेक काढली आणि स्प्रिंगने पट्टा ताणून धरला. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबून पाहिले. अर्धा इंच दबला. बॅटरीची वायर जोडून किल्ली फिरवली, तेव्हा इंजिन दोनदा खोकले आणि लागले. त्याने पायाने पेडल दाबताच मशीन पुढे सरकले.

दिवस मावळेपर्यंत त्याने अख्खे लॉन कापले. नानासाहेब गेटपाशी येऊन उभे राहिले, कापलेल्या गवतावर बूट फिरवून पाहिला आणि उद्या सकाळी कारंज्याच्या कडेचे तेवढे घ्यायला सांगितले. भंगारवाल्याचे नाव काढले नाही. कडूबाने मान हलवली.

घरी चतुराबाई भाकरी थापत होती. त्याने खिशातली पट्टी काढून खुंटीला टांगली. तिचा थापता हात थांबला.

"ही कुठं ऱ्हायली होती?"

"कामावर. पेटीत."

"आवडीचं लुगडं हाय ना हे? सगळं नदीवर गेलं, कडूबा. एवढंच कशाला घरात आणलंस?"

"मशीनचं माप हाय ते, आक्का," कडूबा म्हणाला. "लागतं."

चतुराबाईने भाकरी तव्यात टाकली. दोन्ही बाजूंनी भाजून ती टोपलीत ठेवली. मग ती उठली आणि हात धुऊन पट्टी खुंटीवरून काढली.

"मापाचं असंल तर ऱ्हाऊ दे. पण केवढं वंगण लागलंय याला."

मोरीत बसून तिने पट्टीला सोडा लावला, घासली, दगडावर आपटली आणि उकळते पाणी ओतले. काळे पाणी गेले, मग निळसर गेले, मग स्वच्छ जाऊ लागले. पिळून तिने ती दारातल्या दोरीवर वाळत घातली, जिथे परकर असायचा.

सकाळी पट्टी वाळून कडक झाली होती. कडूबाने ती दोरीवरून काढली, नाकाजवळ नेली. सोड्याचा वास येत होता. त्याने ती फरशीवर अंथरली, दोन्ही तळहातांनी सुरकुत्या काढल्या, ओढ दिली नाही. मग पिशवीतून टेप काढली आणि टोकापासून गाठीपर्यंत मोजली.

साडेएकोणऐंशी इंच. धुण्यात अर्धा इंच आटली होती.