दंतपंक्तीत पहिला नंबर

सोमवारी सकाळी आम्ही एकतिसावे होतो, दुपारी अठ्ठाविसावे. संध्याकाळी पुन्हा एकतिसावे झालो आणि फोनकडे बघता बघता माझं दूध उतू गेलं.

माझा नवरा दात बनवतो. म्हणजे तोंडातून काढून घासता येतात ते. पुढच्या खोलीत त्याचं बाक आहे, प्लास्टरचे साचे आहेत, आणि खिडकीत एक डबा आहे, ज्यात पांढऱ्याच्या सोळा छटा आहेत. वीस वर्षं तो एकाच डॉक्टरीणबाईंचं काम करत होता. त्या दवाखाना बंद करून लेकीकडे राहायला गेल्या आणि आमचं काम एका दिवसात थांबलं. आता गिऱ्हाईक थेट आमच्या दारात यायला हवं होतं. नाहीतर दूरच्या शहरातल्या एका मोठ्या लॅबनं त्याला नोकरी देऊ केली होती. तिथे एकट्यानं राहायचं, दोन-तीन महिन्यांतून एकदा घरी यायचं. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत काय ते कळवायचं होतं.

त्यानं जाऊ नये, हा माझा हट्ट. त्याला काय वाटत होतं कोण जाणे. हा माणूस दिवसभर लोकांच्या तोंडाचा विचार करतो आणि स्वतःचं उघडत नाही.

म्हणून मी वेबसाइट केली. मी हातात घेतलेलं काम सोडत नाही, आणि दुसऱ्यालाही सुखानं बसू देत नाही. व्हिडिओ बघून बघून शिकले. पान झटकन उघडलं पाहिजे, म्हणून फोटो हलके केले. दुसऱ्या कुणी त्यांच्या वेबसाइटवर आपला दुवा, म्हणजे लिंक, दिला तर आपलं वजन वाढतं, म्हणून औषधाच्या दुकानदाराच्या आणि चष्मेवाल्याच्या मागे लागले, शेवटी त्यांनी माझ्या कटकटीला कंटाळून दुवे दिले. मजकूर खरा आणि भरपूर हवा, तो सासऱ्यांनी लिहिला. सासरे निवृत्त भाषाशिक्षक. त्यांनी सहा पानं लिहिली आणि एक काना-मात्रा चुकली नाही.

नेटवरच्या शोधात मंगळवारी एकोणिसावे, बुधवारी आठवे. मी दर तासाला बघायचे, कधी अर्ध्या तासानं. नवरा म्हणाला, "रोपटं उपटून मुळं बघतेस का गं?" मी म्हटलं, "तू गप्प बस आणि पॉलिश कर."

गुरुवारी सकाळी साडेनऊला 'कृत्रिम दंतपंक्ती दुरुस्ती' असं लिहून शोधलं आणि सगळ्यात वर आम्ही. आपल्याच फोनवर भरवसा ठेवायचा नाही, तो आपल्या मनासारखं दाखवतो, एवढी अक्कल मला आली होती. मी नणंदेला फोन करून तिच्याकडे बघायला लावलं. शेजारणीचा फोन तिच्या हातातून घेतला. तिथेही पहिला नंबर. मी नाचायचीच बाकी होते.

"लॅबला नाही म्हणून सांग," मी नवऱ्याला म्हटलं. "आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं हात धुतले, पुसले, फोन लावला आणि दोन वाक्यांत नकार देऊन टाकला. तिकडच्या साहेबांनी उद्या सहापर्यंत विचार बदलला तर कळवा म्हटलं. हा बरं म्हणाला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला.

गुरुवारी कुणी आलं नाही. फोनही वाजला नाही. मी फोन बंद करून चालू केला, नणंदेला मुद्दाम आमच्याच नंबरावर फोन करायला लावला. लागत होता.

शुक्रवारी दुपारी चार वाजता पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी दारात आल्या. हातात रुमालाची पुरचुंडी. बाहेर पाटी नाही, पण खिडकीतले साचे त्यांना दिसले होते.

"कवळी जोडून देता का हो इथे? दोन तुकडे झालेत," त्या म्हणाल्या. ओठ आत गेलेले, त्यामुळे शब्दही अर्धे आत जात होते. "बसनं दोन तासांवरच्या दवाखान्यात गेले मी परवा. त्यांनी आठ दिवसांनी या म्हटलंय. तुम्ही इथे आहात, मग नेटवर का नाही? नातीनं किती शोधलं."

"आहोत की. पहिल्या नंबरावर आहोत."

"कवळी टाकून बघा बरं."

मी टाकलं. पहिलं पान, दुसरं, पाचवं. आम्ही कुठेच नव्हतो. सहा पानांच्या मजकुरात तो शब्द एकदाही नव्हता. दंतपंक्ती मात्र सव्वीस वेळा होती. पहिला नंबर आमचाच होता, पण ती शर्यत बघायला कुणी आलंच नव्हतं.

मला का सुचलं नाही? कारण या घरात अकरा वर्षं मी तो शब्द ऐकलाच नाही. सासऱ्यांना स्वतःला कवळी आहे आणि घरात तिला दंतपंक्ती म्हणायचं, अशी शिस्त. माहेरचा शब्द मी कधी विसरले, मलाही कळलं नाही.

आजींना खुर्चीत बसवून मी तडक सासऱ्यांकडे गेले.

"बाबा, कवळी लिहावं लागेल."

"तो शब्द मी तोंडात घेत नाही."

"शब्द घेत नाही, वस्तू तर घेता ना?"

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यांनी चष्मा काढून काच पुसली. मग म्हणाले, "क, व, ळी. ळी दीर्घ. निदान नीट लिही."

घड्याळात साडेचार झाले होते. नवरा आजींचे दोन तुकडे जुळवून भिंगातून बघत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "पहिला नंबर खोटा आहे. तो शब्द कुणी शोधतच नाही. आता बदलला तर पुन्हा तळापासून सुरुवात, किती महिने लागतील सांगता येत नाही. दीड तास आहे. लॅबला फोन कर."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मंगळवारी कवळी टाकून बघितलं होतं. नव्हतो आपण." त्यानं तुकडे मेणानं धरून ठेवले आणि भिंग खाली ठेवलं. "वीस वर्षांत एकाही माणसानं मला दंतपंक्ती दुखते म्हणून सांगितलं नाही गं."

माझं डोकं भणाणलं. चार दिवस मी जीव टांगणीला लावून बसले होते, आणि हा माणूस शांतपणे दात घासत होता. "मग सांगितलं का नाहीस? मी त्याच दिवशी शब्द बदलला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू बदलला असतास, नंबर कोसळला असता, आणि गुरुवारी तू मला जा म्हणाली असतीस." तो आजींकडे बघून हसला, त्यांना पाच मिनिटं थांबा अशी खूण केली. "मला जायचं नव्हतं."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी तुला जा म्हणाले असते, मी? म्हणाले असते. दुपारपर्यंत त्याची बॅगसुद्धा भरून दिली असती.