वरपासून विणलेला झगा

मसुदा. *प्रिय बंधुभगिनींनो, आजच्या दिवशी आपल्या प्रभूनं आपल्यासाठी*

इथे फादर अमेदे थांबले. गेल्या गुड फ्रायडेलाही वाक्य हेच होतं. त्याच्या आधीही. वही त्या पानावर आपोआप उघडायची.

वहीत एक पत्र होतं, बिशपांना लिहिलेलं. प्रवचनाच्या कामातून मला मोकळं करावं. आवाज राहिला नाही, ऐकणारंही कोणी राहिलं नाही. सही झाली होती. शनिवारच्या टपालानं जायचं होतं.

ऐकणारं कोणी नाही याला पुरावा होता. मागच्या रविवारी दोन पानं एकदम उलटली गेली. काना गावच्या लग्नात सुरू झालेलं प्रवचन लाझरसच्या कबरीपाशी संपलं. कोणी हललं नाही. विणकर नत्थूजी नेहमीसारखे पहिल्या शब्दाला झोपले आणि 'आमेन'ला उठले.

मसुदा. *प्रिय बंधुभगिनींनो*

खोडलं.

बुधवारी दुपारी फादर कोष्टीपुऱ्यात नत्थूजींच्या घरी गेले. दुःखसप्ताहात देवळातल्या मूर्ती झाकायचं जांभळं कापड विरलं होतं, नवं हवं होतं. नत्थूजी मागावर होते. त्यांची बायको भागीरथा खाली बसून सूत सोडवत होती. फादर उंबऱ्यातच बसले. ऊन फार होतं. इथे आल्यापासूनच्या वीस वर्षांचं ऊन.

कापडाचं बोलून झाल्यावर भागीरथा म्हणाली, "फादरबाबा, एक इचारू? तुम्ही दर साल सांगता, शिपायांनी येशूचा झगा फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. त्याले शिवण नव्हती, वरपासून खालवर विणला होता. तो विणला कोनं?"

फादरांनी वहीतलं सांगितलं. अखंड झगा म्हणजे अखंड ख्रिस्तसभा.

"ते हाये. पन विणला कोनं?"

नत्थूजी हसले. म्हणाले, घरी आल्यावर ही पुरं प्रवचन पुन्हा ऐकवते, म्हणून आपण तिथं झोपलो तरी चालते.

फादरांनी तिला मागच्या रविवारचं विचारलं.

"लग्नातून तुम्ही एकदम कबरीवर गेले," ती म्हणाली. "साऱ्यायले समजलं. थकले असान म्हनून कोनी बोललं नाही."

फादरांनी तिच्यापुढचं सूत हातात घेतलं. मग, असा झगा विणतात कसा, हे त्यांनी तिला विचारलं. तिनं हातांनी दाखवलं: दोन पदर एकावर एक, आणि एकच धागा दोन्हींतून गोल फिरत जातो. मधे कापला तर सगळा उसवतो. त्या शिपायांना कपडा कळत होता, ती म्हणाली.

शुक्रवार. वही टेबलावरच राहिली.

"तो झगा कोणीतरी विणला होता," फादर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. चटयांवरची माणसं वाट बघत होती. मग ते मागाबद्दल बोलू लागले, अडखळत, आणि उभ्या धाग्याला ताण्याच्या जागी बाणा म्हणाले.

"उलटं सांगून राहिले, फादरबाबा," बायकांच्या बाजूनं भागीरथा हळूच म्हणाली. "ताणा उभा राह्यते."

वीस वर्षांत त्यांना कोणी मधे टोकलं नव्हतं. फादरांनी चूक सुधारली. त्याच्या आईचेच हात महिनाभर त्या धाग्यावरून फिरले असतील, म्हणाले, आणि वधस्तंभाखाली उभ्या त्या आईनं चिठ्ठ्या पडताना पाहिल्या असतील. एवढंच. प्रवचन नीट संपलंही नाही.

नत्थूजी जागे होते.

शनिवारी टपाल गेलं. पत्र गेलं नाही. फादरांनी ते उलटं केलं, कारण दुसरा कोरा कागद काढायला उठावं लागलं असतं.

मसुदा. *ईस्टरच्या पहाटे कबर रिकामी होती. तोंडावरचा रुमाल मात्र वेगळा, घडी करून ठेवला होता. ती घडी*

इथे ते थांबले. हे भागीरथाबाईंना विचारायला हवं.