बारा खळग्यांचा ट्रे

खिम्याचा मीटलोफ लांबट भांड्यात भाजायचा म्हणजे तासभर जातो. एवढा वेळ मी आणायचा कुठून? साडेचारला दातांच्या दवाखान्यातलं माझं काउंटर बंद होतं, पावणेसहाला आमच्या लेकीची, टेसाची, हॉकी असते, आणि रस, माझा नवरा, ट्रक घेऊन फार्गोहून कधी उगवेल याचा नेम नसतो. म्हणून तोच खिमा, किसलेलं गाजर आणि ओट घालून, मी मफिनच्या ट्रेमध्ये भरते. बारा खळगे, वीस मिनिटं. वरून केचप आणि कुस्करलेला बटाटा. ज्याला जेव्हा भूक लागेल त्याने एक उचलायचा आणि चालू पडायचं. मॅकरोनी-चीज, अंडं-हॅम, चिकन, सगळं मी त्याच ट्रेत घालते.

मॉम नाक मुरडायची. ‘‘कोरिन, हे जेवण आहे की वाढदिवसाचा खाऊ?’’ खाताना मात्र दोन खायची.

मॉम ऑक्टोबरात गेली. डॅड एकटा राहिला. सत्त्याहत्तर वर्षांचा, उभा जन्म काउंटीची बर्फ उपसायची गाडी चालवलेला माणूस. कॉफी सोडून चुलीवर त्याने कधी काही ठेवलं नव्हतं. जानेवारीत डॉक्टरकडे नेलं तर वजन चौदा पौंड उतरलेलं. डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘आणखी उतरलं तर त्यांना एकटं ठेवता येणार नाही. वृद्धाश्रमात नाव घालून ठेवा.’’ डॅड ज्या घरात जन्मला त्याच घरात अजून राहतो. त्याला तिथून उठवायचं म्हणजे झाड उपटून कुंडीत लावण्यासारखं होतं.

मी कंबर कसली. दर रविवारी दोन ट्रे भाजायचे, चोवीस मीटलोफ डब्यांत भरायचे आणि त्याच्या फ्रीझरमध्ये रचायचे. फ्रीझरच्या दारावर जाड पेनाने लिहून ठेवलं, ‘दोन काढ. तीन मिनिटं मायक्रोवेव्ह. खा.’ मग उंबऱ्यात उभ्या उभ्या चौकशी.

‘‘जेवतोस ना?’’

‘‘जेवतो की.’’

‘‘कसे झाले होते?’’

‘‘वाईट नव्हते.’’

आमच्या मिनेसोटात ‘वाईट नाही’ म्हणजे सुवर्णपदकच. लग्नाच्या पोशाखात मॉमला पाहूनही डॅड हेच म्हणाला होता म्हणे. आणि दर रविवारी फ्रीझर साफ रिकामा! माझे पाय काही जमिनीवर ठरेनात. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी काउंटर सोडून, तो खुर्चीत तोंड उघडून बसलेला असतानाच माझी युक्ती ऐकवत होते, म्हणजे मध्ये बोलायची सोय नाही.

मार्चच्या मध्याला पुन्हा वजन केलं. आणखी सहा पौंड खाली. नर्सने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टरबाईंनी चार आठवडे दिले, शेवटचे.

परत येताना गाडीत मी विचारलं, ‘‘डॅड, आठवड्याला चोवीस मीटलोफ जातात कुठे?’’

‘‘संपतात,’’ डॅड म्हणाला आणि खिडकीतून शेतावरचा बर्फ बघत बसला.

कोडं सुटलं ते गुरुवारी, किराणा दुकानात, कोबीच्या ढिगाशेजारी. आर्लिस डालेन भेटली. डॅडच्या समोरच्या घरात राहते आणि चर्चमध्ये मॉमच्या शेजारी उभी राहून गायची.

‘‘अगं कोरिन, तुझ्या डॅडचा हात काय बसलाय गं स्वयंपाकाला!’’

‘‘कुणाचा?’’

‘‘व्हर्लिनचा. मला ते कपाएवढे मीटलोफ आणून दिले, सहा. आत गाजर किसून घातलंय आणि ओट. कृती विचारली तर म्हणतो, ‘सोपं असतं.’ पास्टरकडे तर डझनभर दिलेत. आमच्या अख्ख्या गल्लीने खाल्ले बाई. या वयात माणूस शिकतो म्हणजे कौतुकच आहे.’’

गाजर आणि ओट! मी गाडा कोबीपाशी तसाच सोडला आणि निघाले. वाटेत डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पडला तो माझ्याच डोळ्यांवर. आमच्याकडे माणूस गेलं की घरोघरून झाकलेली भांडी येतात. प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी, पट्टीवर नाव. खाऊन झालं की भांडं धुऊन ज्याचं त्याला परत द्यायचं, आणि रिकामं कधीच द्यायचं नाही. हे आमच्याकडे लेकराला चालायच्या आधी कळतं. मॉमच्या वेळी एकतीस भांडी आली होती. मी ती घासून तळघरात रचली आणि जानेवारीत डॅडला म्हटलं, ‘‘ही जरा लोकांना देऊन टाक ना, मला वेळ नाही.’’ कशात काय घालून द्यायचं, हे सांगायला मी विसरले. किंवा वेळ नव्हता.

डॅड स्वयंपाकघरात बसला होता. समोर कॉफी, खारी क्रॅकर बिस्किटं आणि पीनट बटरची बरणी. तळघराचं दार उघडं होतं. खाली एकही भांडं उरलं नव्हतं.

‘‘रात्रीचं जेवण हे?’’ मी कोटही काढला नाही.

‘‘पोट भरतं.’’

‘‘माझे मीटलोफ तू गावभर वाटलेस.’’

‘‘आर्लिस बोलली वाटतं.’’

‘‘डॅड, ते तुझ्यासाठी होते! तुझं वजन उतरतंय, डॉक्टर तुला या घरातून हलवायला निघालेत आणि तू पास्टरला डझनभर देऊन येतोस?’’

‘‘त्याचं भांडं मोठं होतं.’’

‘‘एखादा कुकीजचा पुडा घालून द्यायचा होतास.’’

डॅडने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चर्चमध्ये शिवी दिली. ‘‘दुकानातला? तुझ्या आईच्या मागे?’’

मी कोट काढला आणि समोर बसले. ‘‘आणि त्या बायकांनी तुला आत ये, बस, दोन घास खा, असं म्हटलं नाही?’’

‘‘म्हटलं ना. सगळ्यांनी.’’

‘‘मग?’’

‘‘मी म्हटलं, जेवून आलोय.’’

एकतीस दारांत माझे मीटलोफ हातात घेऊन हा माणूस उपाशीपोटी उभा राहिला आणि एकतीस वेळा जेवून आला. मला हसू येत होतं आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

‘‘निदान एक तरी खाल्लास का?’’

‘‘पहिल्या आठवड्यात खाल्ला.’’ कपाचा कान त्याने माझ्याकडे फिरवला, मग परत स्वतःकडे. ‘‘चांगला होता.’’

चांगला! मी दचकले. आमच्या घरात हा शब्द कुणी सहज वापरत नाही.

‘‘मग बाकीचे का नाही खाल्लेस?’’

‘‘तुझी आई लांबट लोफ करायची तेव्हा कापायचं काम माझं असायचं. कडेचा तुकडा तिचा, मधला माझा. यात कापायला काही नाहीच, कोरिन. एका माणसाला एक. तो एक ताटात ठेवला की त्याच्याकडे बघत बसावं लागतं.’’

मला रडू आलं. त्याच्यासाठी आलं, आणि थोडं स्वतःच्या लाजेनेही. दोन महिने मी उंबऱ्यात उभी राहून ‘जेवतोस ना’ विचारत होते. त्याच्यासमोर एकदाही बसले नव्हते. माझ्या घरी तरी काय वेगळं होतं? कुणाला कुणासाठी थांबावं लागू नये असं जेवण मी शोधून काढलं होतं आणि वर त्याचा डंका पिटत होते.

रस नेमका त्या दिवशी लवकर घरी आला होता. मी फोन लावला. ‘‘टेसाला घे, फ्रिजमधला खिमा घे, माझा ट्रे घे आणि डॅडकडे ये.’’

‘‘आणि हॉकी?’’

‘‘आज बुडवायची.’’

आमच्याकडे हॉकी बुडवायची म्हणजे कुणी तरी गेलंच पाहिजे. ‘‘डॅड बरा आहे ना?’’ रसने हळूच विचारलं.

‘‘बरा आहे. भुकेला आहे.’’

टेसाने खिमा मळला, रसने बटाटे कुस्करले, आणि डॅड ओव्हनसमोर खुर्ची टाकून काचेतून आत बघत बसला. साडेसहाला आम्ही चौघं टेबलाशी होतो. डॅडने आपल्या ताटातला मीटलोफ घेतला, सुरीने मधोमध कापला आणि अर्धा टेसाच्या ताटात ठेवला.

‘‘कडेचा तुझा,’’ तो म्हणाला.

‘‘ग्रँपा, गोल आहे तो. याला कड कुठेय?’’

‘‘आहे की. सगळीकडून आहे.’’

टेसाने तिचा कापून अर्धा त्याला दिला. मग रसला चेव आला आणि पाहता पाहता चारी ताटांत नुसते अर्धे-अर्धे तुकडे फिरायला लागले. कुणी किती खाल्ले, याचा हिशेब लागेना. मी मात्र एका ताटावर डोळा ठेवून होते. डॅडने तीन खाल्ले.

निघताना मी ट्रे धुऊन पुसला आणि काखेत धरला. डॅडने तो माझ्याकडून काढून घेतला.

‘‘हा राहू दे इथेच.’’

‘‘मग मी घरी कशात भाजू?’’

‘‘इथे भाजायचं.’’ तो ट्रेकडे बघत होता, माझ्याकडे नाही. ‘‘उद्या. साडेसहाला.’’

माझ्या बापाने जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. एकदा त्याची गाडी बर्फात खड्ड्यात गेली होती, तर मदतीला थांबलेल्या माणसाला तो म्हणाला, सहज थांबलोय. मी मान हलवली.

एप्रिलमध्ये काटा चार पौंड वर सरकला. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘जे काय चाललंय ते चालू ठेवा.’’

दुकानात असले ट्रे पैशाला पासरी मिळतात. रस दोनदा म्हणालाही, एक घरी आणून ठेवू या. मी अजून आणलेला नाही.