शुक्रवारी त्या रस्त्याने जाऊ नकोस

"शुक्रवारी दुपारी मशिदीच्या रस्त्याने जाऊ नकोस," पायाची पट्टी बदलून घेता घेता केल्विन म्हणाला.

ग्वेंडाचा हात थांबला. मोरवेल गावात परिचारिका म्हणून घरोघर जाऊन जखमा बांधण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. केल्विनकडे ती आठ महिने येत होती. तो कामाला होता ते वीजकेंद्र बंद पडलं, मागोमाग आई गेली, मधुमेहाने पाय चिघळला आणि पंचेचाळिशीचा हा माणूस घरात कोंडला गेला. बोलायला उरले ते कॉम्प्युटरवरचे, द्वेष शिकवणारे मित्र. आरोग्यकेंद्राच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं: असा द्वेष दुखण्यासारखाच धरा. लवकर ओळखा, वाद घालू नका, माणसाला एकटं पडू देऊ नका. म्हणून पट्टी झाल्यावरही ती अर्धा तास चहाला थांबायची. तिच्या घरी तरी कोण वाट पाहत होतं?

"का नको जाऊ?"

"नको म्हटलं ना. तुला काही व्हायला नको."

"आणि तिथल्या लोकांना?"

त्याची नजर खिडकीतून परसातल्या शेडकडे गेली.

"केल्व, शेडमध्ये काय ठेवलंयस?"

"पेट्रोल," तो पुटपुटला.

"हे मला पोलिसांना कळवावं लागेल. तुझ्या पाठीमागे नाही कळवणार, तुझ्यासमोरच फोन करते."

"तूसुद्धा? अगं, या दारातून आत येणारी तू एकटीच होतीस."

"म्हणून तर जात नाहीये. ते येईपर्यंत इथेच बसते."

तिने तिथूनच फोन केला. मग तिने उरलेली पट्टी नीट बांधली. तो हुंदके देत होता, पण पाय त्याने हलवला नाही.

पोलीस आले, डॉक्टर आले, त्याला रुग्णालयात घेऊन गेले. बुधवारी ती भेटायला गेली, गुरुवारीही गेली. दोन्ही वेळा त्याने आतून निरोप पाठवला, भेटायचं नाही. कुणाजवळ मन मोकळं करायचीही सोय नव्हती. रुग्णाची गोष्ट बाहेर न्यायची नसते.

शुक्रवारी तिने गाडी मशिदीसमोर उभी केली. नमाज संपली. माणसं बूट शोधत, एकमेकांची थट्टा करत बाहेर पडली. एक म्हातारे गृहस्थ गाडीच्या काचेशी वाकले.

"कुणाची वाट बघताय का बाई?"

"नाही हो. जरा थांबले होते."

"मग त्या झाडाखाली घ्या गाडी. ऊन फार आहे."

तिने गाडी झाडाखाली घेतली आणि रस्ता रिकामा होईपर्यंत तशीच बसून राहिली.