ताईचा डावा हात

भिंतीवर लावलेलं पान पाहिलं आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यावरच्या फोटोत ताईच्या डाव्या गालावरचा तीळ उडी मारून उजव्या गालावर जाऊन बसला होता. आणि गिटार? ती ताई चक्क उजव्या हाताने वाजवत होती.

जिचा डावा हात लहानपणी शिकवणीचे मास्तर उजव्याने लिहावं म्हणून रुमालाने खुर्चीला बांधून ठेवायचे, ती ताई. रडली, मार खाल्ला, पण हटली म्हणून नाही. पुढे गिटारच्या ताराही उलट्या लावून घेतल्या आणि एकटीच शिकली. इतक्या वर्षांनी एका संगीत मासिकाने तिच्यावर मुख्य लेख केला, आणि पानं रचायचं काम नेमकं तिच्या सख्ख्या बहिणीकडे होतं. फोटो देताना ताई एवढंच म्हणाली होती, "हात दिसू दे गं माझा."

धाकटी तडक संपादकांच्या खोलीत शिरली. "फोटो कोणी उलटा केला?"

"मी," संपादक म्हणाले. "अहो, ती पानाबाहेर बघत होती. डावीकडे फोटो, उजवीकडे लेख. तिने लेखाकडे बघायला नको? ती बघेल तिकडे वाचक बघतो. ती बाहेर बघतेय म्हटल्यावर तो पान उलटून मोकळा."

हा नियम संपादक नवे होते तेव्हा धाकटीनेच त्यांना शिकवला होता. आता तेच तिला शहाणपण पाजत होते.

"ती डावरी आहे. लेखच त्यावर आहे."

"कोण एवढं निरखून बघतंय?"

"मग तिला उजव्या पानावर घेऊ, लेख डावीकडे."

"छे. चाळताना उजवं पान आधी दिसतं. मथळा तिथेच हवा."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. दातओठ खात ती जागेवर आली आणि संपादकांच्या लाडक्या मथळ्यासकट अख्खं उजवं पान आरशात दिसतं तसं उलटं केलं. छापून काढलं आणि नेऊन त्यांच्या टेबलावर आपटलं.

"हे काय? अक्षरं उलटी आहेत."

"असू देत की. कोण एवढं निरखून बघतंय?"

"अहो, वाचता येत नाहीये."

"एक पान उलटं झालं तर तुम्हाला घाम फुटला. तिचा तर सगळा जन्म उलटा केलात तुम्ही. मास्तरांनी हात बांधला होता, तुम्ही कापूनच टाकलात."

संपादकांनी तो उलटा कागद बाजूला सारला. मग मान वर न करता म्हणाले, "घ्या तिला उजवीकडे."

धाकटीने आभारबिभार काही मानले नाहीत. कशाला मानायचे? तिने फोटो होता तसा केला आणि उजव्या पानावर बसवला. आता ताई थेट मथळ्याकडे बघत होती आणि तिचा डावा हात तारांवर होता.

जेवायच्या सुट्टीत ताईचा फोन आला. "हात दिसतोय ना गं?"

"दिसतोय," धाकटी म्हणाली, आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं रडू सगळ्यांसमोर फुटलं.