मशीनला लागलेली करणी

रोज सकाळी अख्खं गाव माळावर जमायचं. वैजापूरकडच्या त्या माळावर पाझर तलावाची खोदाई चालू होती, पण लोक तलाव बघायला येत नव्हते, मशीन बघायला येत होते. खोदाईचं ते पिवळं धूड सकाळी मुकं होऊन बसायचं. चालक रामकिसन किल्ली फिरवायचा आणि आतून नुसतं 'टक्' वाजायचं. मग चिमटेबाबा पुढं यायचे.

भगवी लुंगी, गळ्यात पाच-सात माळा, हातात हातभर लोखंडी चिमटा. मशीनभोवती फेरी मारून बाबा दरडावायचे, "बोल, कुणी धरलंय तुला? गावचं हाय का शिवंबाहेरचं?" मशीन काही बोलायचं नाही. ते भ्यालंय, असा त्याचा अर्थ बाबाच सांगायचे. मग बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडून, इथं त्याचा प्राण अडकलाय असं म्हणत, आत चिमट्याचे दोन दणके घालायचे. रामकिसन पुन्हा किल्ली मारायचा आणि धुराचा लोट सोडून मशीन धडधडू लागायचं. बायका हात जोडायच्या. एकदा सुरू झालेलं मशीन दिवसभर बंद करायची कुणाची छाती होत नव्हती. जेवणाच्या सुट्टीतही ते तसंच डिझेल पीत उभं असायचं.

मशीनला धरलंय कुणी, हे गावानं बाबांच्याही आधी ठरवून टाकलं होतं. बानाबाईनं.

बानाबाई धनगरवस्तीवरची विधवा. खोदाई सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मशीनच्या चाकाखाली तिच्या मेंढ्यांच्या वाड्याचं कुंपण गेलं, त्यात दोन कोकरं सापडली. मेलेलं कोकरू पोटाशी धरून तिनं सगळ्यांसमोर तोंड सोडलं होतं, "जागच्या जागी मरशील मेल्या!" शिवी रामकिसनला होती की मशीनला, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. पुढं मशीन रुसायला लागलं आणि गावाला नेमकी ती शिवी आठवली. सरपंच काकासाहेबांनी गाडी पाठवून बाबांना आणलं. खोदाईच्या मुहूर्तापासून बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर रोज एक नारळ फुटत होता, बाबांनी त्याच्या जागी पाच फोडायला सांगितले, आणि वर एक वाक्य गावात सोडून दिलं: जिनं लोखंड मारलं, तिची नजर कोवळ्या जिवाला सोडील व्हय?

हे वाक्य बानाबाईच्या मुळावर आलं. तिची एकुलती लेक आक्काबाई गावातच दिलेली होती, आणि पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. बानाबाईनं डिंक आणला, बाळंतशेपा आणल्या, मऊ लोकरीची घोंगडी विणून घेतली. पण दवाखान्यातून सासू आवडाबाईनं सुनेला परस्पर आपल्या घरी नेलं. जावई वाळूजला कंपनीत. आईचं ऐक, एवढाच त्याचा फोनवर निरोप. बानाबाईनं नातीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. ती दाराशी गेली की आतून कडी लागायची.

हायस्कुलात विज्ञान शिकवणारे बद्रीनाथ सर तिच्याकडं शेळीचं दूध घ्यायचे. त्यांना हे बघवेना. प्रयोगशाळेतलं व्होल्ट मोजायचं मीटर घेऊन ते माळावर गेले. बंद मशीनच्या बॅटरीला त्यांनी मीटर लावलं. काटा साडेबारा व्होल्टच्या वर गेला. सर खुशीत म्हणाले की बॅटरी ठणठणीत आहे, पूर्ण भरलेली आहे. धोंडा त्यांनीच उचलला, पण तो पडला बानाबाईच्या पायावर.

"ऐकलं का?" बाबा गर्दीकडं वळले. "मास्तरचं यंत्रच सांगतंय. बॅटरी चांगली, मशीन नवं. मग ऱ्हायलं काय? करणी!"

गर्दीच्या मागं उभी असलेली बानाबाई खालमानेनं घरी निघून गेली. विज्ञानाच्या मास्तरनंच शिक्का मारल्यावर आता बोलणार कोण? तिला स्वतःच्याच जिभेची भीती वाटू लागली. मेंढरांकडं टक लावून बघायचं ती टाळू लागली.

दूध घालताना एकदा तिनं विचारलं, "सर, माझ्याच तोंडातून गेलंय ते. खरंच माझ्या जिभेला काय असंल का हो?"

नाही म्हणून सांगणं सोपं होतं, आणि सरांनी ते सांगितलंही. पण दाखवता येत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मीटर न घेताच सर माळावर जाऊन उभे राहिले आणि नुसतं बघत राहिले. रामकिसननं किल्ली फिरवली तेव्हा मशीनचा पुढचा दिवा चालू होता. 'टक्' झालं आणि लख्ख जळणारा दिवा विझल्यासारखा झाला. किल्ली सोडताच पुन्हा लख्ख. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. ओझं नसताना मोजलं होतं त्यांनी. मोजायला हवं होतं ते मशीन जोर करत असताना.

पुढच्या सकाळी बाबा यायच्या आत ते हजर झाले. बॅटरीच्या शिशाच्या खुंटीला वायरची धातूची पकड घट्ट बसवलेली असते. सरांनी मीटरचं एक टोक खुंटीवर ठेवलं, दुसरं तिला चिकटलेल्या पकडीवर, आणि रामकिसनला किल्ली फिरवायला सांगितली. धातूला धातू चिकटलेला, म्हणजे तिथं काटा हलायलाही नको होता. तो निम्म्या डायलवर चढला.

"बॅटरीचं निम्मं बळ या एवढ्याशा जागेत अडतंय," सर म्हणाले. त्यांनी पाना लावून पकड सोडवली. आतून पांढरा-हिरवा पापुद्रा निघाला, आणि त्यात खोबऱ्याचे कण आणि कुंकू.

"टाकी भरलेली आहे, पण तोटीत गाळ बसलाय. दिव्यापुरतं पाणी त्यातून झिरपतं, पण इंजिन फिरवायला लोंढा लागतो, तो जात नाही. चिमट्याचा दणका बसला की गाळ जरा हलतो. एवढाच चमत्कार."

गाळ आला कुठून, असं काकासाहेबांनी विचारलं. सरांनी बॅटरीच्या पेटीकडं बोट केलं. झाकणाला फट होती आणि नारळ रोज त्याच झाकणावर फुटत होता. त्याचं क्षार असलेलं पाणी आत उतरून धातू खात होतं. आधी एका नारळाचं, मग बाबांच्या कृपेनं पाचांचं.

रामकिसननं गरम पाण्यात सोडा कालवून खुंट्या धुतल्या, घासल्या, पकडी आवळल्या. मशीन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. बंद केलं, पुन्हा सुरू झालं. तेवढ्यात बाबा आले. सरांनी तोच पापुद्रा पकडीखाली घालून दाखवला. 'टक्.'

"बाबा, प्राण सगळ्या मशीनमध्येच असेल ना? आज चिमटा पेटीत नको, पुढच्या बकेटवर मारा."

बाबांनी आकाशाकडं पाहिलं, आज तिथी बरी नाही म्हणाले, आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघून गेले. गर्दी हसली. बानाबाई लांब उभी होती. काकासाहेब तिला म्हणाले की झालं गेलं विसरून जा. पण तिच्या डोळ्याला डोळा कुणी दिला नाही.

घरून ती लोकरीची घोंगडी उचलून, सरांना बरोबर घेऊन ती लेकीच्या दाराशी गेली. आक्काबाईनं दार अर्धं उघडलं. तिच्या मागं पाळणा हलत होता.

"आई, मशीनचं समजलं मला. समदं गाव तेच बोलतंय. पण मशीन निराळं, लेकरू निराळं."

सरांनी तिला समजवायला सुरुवात केली आणि मध्येच ते थांबले. इथं मीटर कुठं लावायचं, ते त्यांना कळेना. मशीनचा गाळ सोड्यानं गेला होता, आणि हा गाळ सगळ्या गावानं मिळून एका बाळंतिणीच्या मनात भरला होता.

बानाबाई हळूच म्हणाली, "आक्के, बाबाला इचारू नको, सरांना बी नको. तू याच हातांत वाढलीस. तुला गोवर आला तव्हा रात्रंदिस हीच नजर तुझ्यावर व्हती. तुला काय झालं, तेवढं सांग."

इतकंच विचारायचं असतं, वाचकांनो. कुणाच्या जिभेत विष आहे असं कुणी सांगितलं, तर आधी आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं आठवावं, तपासावं, आणि एकदा तपासून चुकलं तर पुन्हा तपासावं. उशीर केला तर मशीन थांबून राहतं. माणसं थांबत नाहीत, ती खचतात.

आक्काबाईनं दार लावलं नाही, आणि पुरतं उघडलंही नाही. पाळण्यात पोर रडायला लागली, आणि घोंगडी मांडीवर घेऊन बानाबाई उंबऱ्याबाहेर बसून राहिली.