विरोध नाही, पुढे

कीटकशास्त्रज्ञांच्या त्या संस्थेने नियामक मंडळावर संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक जागा निर्माण केली, कारण इतर संस्थांच्या वार्षिक अहवालांत तरुण चेहरे दिसू लागले होते. आपल्या अहवालात सगळ्यात तरुण चेहरा खजिनदारांचा होता आणि तेही सदुसष्ट वर्षांचे होते. निवडून आलेल्या मुलीला पहिल्याच बैठकीत गुच्छ दिला, फोटो काढला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. बाकीच्या चौदा खुर्च्यांना हात होते, हिला नव्हते.

"बाळ, इतिवृत्त तूच लिहीत जा," चिटणीस म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं असेल."

"टाइप करायचं असतं ना, सर?"

"मग तर आणखीच सोपं."

त्यांनी तिला जुन्या इतिवृत्ताचा नमुना दिला. गेली नऊ वर्षं तारीख आणि विषय बदलून तोच चालला होता.

मुलगी निवडणुकीला उभी राहिली होती ती वसतिगृहात तिच्या खोलीत राहणाऱ्या ताईसाठी. ताई तिला तीन वर्षं ज्येष्ठ, वाळवीवर संशोधन करणारी. प्रबंध सादर करायचा तर एक लेख संस्थेच्या नियतकालिकाकडे दाखल झाल्याची पोच विद्यापीठाला लागायची. नियतकालिक मार्गदर्शकाच्या सहीशिवाय विद्यार्थ्याचा लेख हातात घेत नसे. आणि ताईच्या मार्गदर्शकांनी, ज्यांना सगळे वाळवीसर म्हणत, चौदा महिने सही केली नव्हती. पाच महिन्यांनी ताईची नोंदणी संपणार होती. मग सहा वर्षं पाण्यात.

सही न करण्याचं कारण लेखातच होतं. सरांनी तरुणपणी वाळवीची एक नवी जात शोधली होती आणि तिला तेव्हाच्या अध्यक्षांचं नाव दिलं होतं. दोन वर्षांत सर मंडळावर आले. ताईने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की ही नवी जात म्हणजे जुन्याच जातीची अर्धवट वाढलेली पिल्लं आहेत. सर रोज सांगत, "वाचतोय." लेख अकरा पानांचा होता.

मुलीने या पहिल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेत ठराव घातला होता: मार्गदर्शकाने साठ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर विद्यार्थ्याचा लेख सहीशिवाय दाखल करून घ्यावा. चिटणिसांनी तो अकराव्या, म्हणजे शेवटच्या जागी टाकला. तिथपर्यंत पोहोचेतो सगळ्यांचं लक्ष शेजारच्या खोलीतून येणाऱ्या ताटांच्या आवाजाकडे होतं. दहाव्या विषयावर, म्हणजे संस्थेच्या बोधचिन्हातल्या फुलपाखराच्या मिशांवर, पाऊण तास गेला होता. मुलीने ठराव वाचला. वाळवीसर टेबलाखाली वाकून चष्म्याचं घर शोधत होते. खजिनदार शेजाऱ्याला गुडघ्याच्या डॉक्टरांचा पत्ता सांगत होते.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "तरुण पिढी विचार करते आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. कुणाचा विरोध? नाही. पुढे."

पुढे काही नव्हतं. सगळे जेवायला उठले.

"काय झालं?" खोलीवर ताईने विचारलं.

"छान म्हणाले."

"म्हणजे गेलं." ताईने पांघरुणाची घडी घातली. "मी शाळेत नोकरी बघते. जीवशास्त्राला बाई हवीच असते कुठेतरी."

"थांब गं जरा."

"काय थांबू? तुला खुर्चीला हात तरी दिलेत का?"

दोन दिवसांनी मुलगी इतिवृत्त टाइप करायला बसली. प्रत्येक विषयाखाली नमुन्यातलं तेच वाक्य: 'विरोध आहे का, असे अध्यक्षांनी विचारले. विरोध नसल्याने ठराव संमत झाला.' फुलपाखराच्या मिशा याच वाक्याने संमत झाल्या होत्या. अकराव्या विषयाशी आल्यावर ती थांबली. मग उठून तिने झोपलेल्या ताईला हलवलं.

"अध्यक्षांनी विरोध विचारला होता. कुणी केला नाही."

"ते त्यांच्या तोंडात बसलंय. शिंकले तरी म्हणतील."

"म्हणोत. नियमात तोंडात बसलेलं आणि मनातलं असे दोन प्रकार नाहीत."

"हे खोटं होतंय का?" ताईने विचारलं. ती या बाबतीत भलतीच काटेकोर होती, म्हणूनच तर अडकली होती.

"एक अक्षरही नाही. तूच वाच."

तिने अकरावा ठराव ठळक अक्षरांत छापला आणि पुढच्या बैठकीच्या पंधरा दिवस आधी इतिवृत्त सर्वांना धाडलं. तिघांनी पोच दिली. त्यातल्या एकाने जेवण किती वाजता आहे ते विचारलं.

पुढची बैठक तीन महिन्यांनी झाली. "मागील इतिवृत्त वाचले असे समजून कायम करू या," चिटणीस म्हणाले. "काही दुरुस्ती?" त्यांनी मुलीकडेसुद्धा पाहिलं. तिला दुरुस्ती सुचवायची नव्हती. खजिनदारांनी सूचना मांडली. अनुमोदन द्यायचा मान ज्येष्ठतेने वाळवीसरांचा. फोनमधून मान न काढता सर म्हणाले, "अनुमोदन." अध्यक्षांनी सही केली. वाळवीवर हयात घालवलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्याचा कागद चौदा सेकंदांत हातावेगळा केला होता.

कार्यालयात ठराव टंकून, शिक्का मारून फायलीत लागायला आणखी दीड महिना गेला. नोंदणी संपायला तीन दिवस उरले असताना दोघी नियतकालिकाच्या कार्यालयात गेल्या. तिथले कारकून काका तीस वर्षं लेख दाखल करून घेत होते.

"सरांची सही?"

"अकरावा ठराव बघा, काका."

काकांनी फाइल काढली आणि ओळीखाली बोट धरून ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग ताईने एकोणीस महिन्यांत सरांना पाठवलेल्या सात स्मरणपत्रांच्या प्रती एकेक करून वाचल्या. संस्थेत कागद वाचण्याचं काम करणारा तो एकटाच माणूस असावा.

"कळवायला तर हवं," म्हणत त्यांनी फोन लावला. "सर, तुमच्या विद्यार्थिनीचा लेख दाखल करतोय. सहीशिवाय. ठरावाप्रमाणे... मंडळाच्या, सर. तुमचं अनुमोदन आहे खाली... नाही, इतिवृत्तात छापलंय. ठळक आहे, सर."

पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. काकांनी फोन कानापासून दोन बोटं लांब धरला.

"न वाचता दिलं असं लेखी देता का, सर? मग मी थांबवतो. अध्यक्षांना प्रत जाईल."

पलीकडून दोनच शब्द आले.

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. "देत नाही म्हणाले."

त्यांनी पोच लिहिली, तारीख दोनदा तपासली आणि शिक्का उठला की नाही ते उजेडात धरून पाहिलं. ताईने कागद घेतला. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग मुलीने तो आपल्या फायलीत ठेवला. विद्यापीठाची खिडकी चारला बंद व्हायची. अडीच वाजले होते. दोघी चालतच निघाल्या.